पाणकासवासाठी घरातील नैसर्गिक अधिवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातील कासव नव्याने घरी आणणारे, किंवा आणून वर्षभर उघड्या काचपेटीत ठेवल्यावर काहीतरी चुकते आहे असे जाणवलेले पालक, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते येथे एकत्र केले आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे आकडे रेड-इअर्ड स्लायडर (कानामागे लाल पट्टा असलेले, घरोघरी पाळले जाणारे कासव; पुढे नुसते ‘स्लायडर’) आणि त्याच्यासारख्या पोहणाऱ्या, ऊन खाणाऱ्या कासवांना धरून दिले आहेत.

‘नैसर्गिक’ अधिवास म्हणजे तळाशी वाळू आणि चार झाडे, एवढेच ना?

नाही, आणि बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. कासवाच्या दृष्टीने तळे म्हणजे पोहायला खोल पाणी, पाण्याबाहेर पूर्ण कोरडी होणारी एक ऊबदार जागा, लपायला आडोसा, आणि या तिन्हींमध्ये स्वतःच्या मर्जीने ये-जा करण्याची मुभा. सरपटणारे प्राणी शरीराचे तापमान आतून राखत नाहीत. ते जागा बदलून राखतात. म्हणून ज्या टाकीत एक टोक उष्ण आणि दुसरे थंड आहे, एक कोपरा उजळ आणि दुसरा अंधारा आहे, ती टाकी प्लास्टिकच्या झाडांनी सजवलेली असली तरी नैसर्गिक आहे. आणि जिथे सगळीकडे सारखेच पाणी व सारखाच उजेड आहे, ती खऱ्या झाडांनी भरलेली असली तरी नाही. वाळू, ओंडके आणि वनस्पती यांना महत्त्व आहेच, कारण कासव दिवसभर हुंगते, उकरते, कुरतडते आणि ढकलते. पण त्यांचा क्रमांक पाणी, ऊब आणि प्रकाश यांच्या नंतरचा.

टाकी केवढी घ्यावी? पिल्लू तर तळहातावर मावते.

पिल्लाचे माप घेऊ नये, पूर्ण वाढलेल्या कासवाचे घ्यावे. स्लायडरची मादी पाठीच्या कवचाच्या लांबीने साधारण २५ ते ३० सेंमीपर्यंत वाढते, नर बराच लहान राहतो, आणि चांगली निगा मिळाल्यास ही कासवे वीस ते चाळीस वर्षे जगतात. प्रचलित ढोबळ हिशेब असा की कवचाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे १५ लिटर पाणी द्यावे. म्हणजे २५ सेंमीच्या कासवाला ३७५ लिटर. हा किमान आकडा आहे. लांबी मोजताना पट्टी कवचाच्या वळणावरून फिरवायची नसते, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे सरळ अंतर घ्यायचे असते.

लिटरइतकाच टाकीचा आकारही पाहावा लागतो. उंच आणि अरुंद टाकी शोभेची असते. कासवाला लांब पल्ला लागतो. १५० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच टाकीत ४० सेंमी पाणी भरल्यास ३६० लिटर होतात आणि २४ सेंमीच्या मादीचे जेमतेम भागते. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट ते दुप्पट असावी. उथळ पाणी सुरक्षित असते असा समज आहे, पण उताणे पडलेल्या कासवाला सरळ होण्यासाठी कवचाच्या रुंदीपेक्षा खोल पाणी लागते. त्याहून उथळ पाण्यातच ते अडकण्याचा धोका अधिक. पिल्लांनाही खोल पाणी चालते, मात्र पृष्ठभागाजवळ टेकायला ओंडका किंवा दाट वनस्पती हव्यात.

आज लहान आणि पुढे मोठी टाकी घेऊ, असे म्हणणारे बहुतेक जण दोन वर्षांत तीन टाक्या विकत घेतात.

टाकी घरात कुठे ठेवावी?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वर सांगितलेल्या टाकीत पाणी, वाळू, दगड, काच आणि स्टँड मिळून वजन सहज पाचशे किलोच्या आसपास जाते, म्हणून ती भक्कम, समतल जमिनीवर आणि शक्यतो भिंतीलगत असावी. नळ आणि मोरी जवळ असेल तर पुढची अनेक वर्षे पाठ दुखणार नाही. दूरचित्रवाणी संचाशेजारी किंवा सतत उघडझाप होणाऱ्या दाराशी ठेवलेले कासव प्रत्येक धक्क्यासरशी पाण्यात उडी घेते आणि त्याचे ऊन खाणे अर्धवट राहते.

ऊन खाण्याचा ओटा कसा असावा?

पूर्ण कोरडा. त्यावर चढल्यावर कासवाचे पोटाचे कवचसुद्धा सुकले पाहिजे. अर्धवट बुडालेला दगड या कामाचा नाही, कारण सतत ओले राहणारे कवच बुरशी आणि जिवाणूंना आमंत्रण देते. ओट्याची लांबी-रुंदी कासवाला त्यावर पूर्ण वळता येईल एवढी असावी आणि त्याने कासवाचे वजन न डुगडुगता पेलावे. चोषक कपाने काचेला चिकटवलेले तरंगते ओटे पिल्लापुरते ठीक. दीड-दोन किलोचे कासव चढले की ते एका बाजूने बुडतात.

उताराकडे विशेष लक्ष द्यावे. मी पहिला ओटा गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकचा बनवला होता. कासव पुढचे दोन्ही पंजे वर टेकवायचे, मान पूर्ण ताणायचे, मागच्या पायांनी पाणी ढकलायचे आणि नखे खरखर आवाज करत मागे घसरायचे. असे ओळीने सात-आठ वेळा झाले की ते खाली जाऊन कोपऱ्यात बसून राहायचे. मी त्याला ‘ऊन आवडत नाही’ असे समजून चाललो होतो. उतारावर बारीक खडे सिलिकॉनने चिकटवले, आणि त्याच दुपारी ते वर जाऊन चारही पाय मागे पसरून, बोटांमधले पडदे उघडून झोपले. तेव्हा कासव ओट्यावर येत नसेल तर आधी उतार तपासावा, मग त्याचा स्वभाव.

नैसर्गिक रूप हवे असल्यास पाण्याबाहेर निघणारा जाड ओंडका, कॉर्कची साल किंवा एकावर एक बसवलेल्या चपट्या दगडांचा कडा उत्तम दिसतो. ओट्यापासून टाकीच्या वरच्या कडेपर्यंत २५ ते ३० सेंमी अंतर ठेवावे किंवा वर जाळीचे झाकण बसवावे, कारण कासव चढण्यात वाटते त्यापेक्षा फार पटाईत असते. आणि ओट्याखाली किंवा मागे असे एकही खिंडार ठेवू नये ज्यात ते शिरेल पण वळू शकणार नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेते; पाण्याखाली अडकले तर ते बुडून मरते.

दिवे किती आणि कोणते?

दोन कामांसाठी दोन वेगळे दिवे घेणे सर्वांत सरळ. पहिला उष्णतेचा: साधा हॅलोजन फ्लड दिवा ओट्यावर टांगून, ओट्याच्या पृष्ठभागाचे तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअस येईल एवढ्या उंचीवर ठेवावा. अंदाजाने नव्हे, थर्मामीटर ओट्यावर ठेवून पाहावे.

दुसरा यूव्हीबी दिवा. या अतिनील किरणांनी कासवाच्या त्वचेत डी३ जीवनसत्त्व तयार होते, आणि त्यावाचून आहारातील कॅल्शियम शरीराला वापरता येत नाही. मग कवच मऊ पडते, हाडे वाकतात, आणि एकदा वाकलेला आकार पुरता सुधारत नाही. लांब टी५ नळीचे दिवे प्रकाश सारखा पसरवतात, म्हणून गुंडाळीच्या आकाराच्या छोट्या दिव्यांपेक्षा मी त्यांनाच पसंती देईन. दिव्याची उंची उत्पादकाने दिलेल्या अंतरानुसार ठेवावी. यूव्ही निर्देशांक मोजण्याचे यंत्र मिळाल्यास ओट्यावर कवचाच्या उंचीला ३ ते ४ इतका निर्देशांक स्लायडरसाठी योग्य मानता येईल. काच आणि अ‍ॅक्रिलिक हे किरण अडवतात, बारीक जाळीही बरेच कमी करते, त्यामुळे दिवा आणि कासव यांच्यामध्ये काचेचे झाकण नको. शिवाय दिवा डोळ्यांना पूर्वीइतकाच उजळ दिसत असताना त्यातील यूव्हीबी घटत जाते. म्हणून प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावा आणि बसवल्याची तारीख दिव्याच्या पट्टीवरच लिहून ठेवावी.

दोन्ही दिवे ओट्याच्या एकाच भागावर पडले पाहिजेत, कारण सूर्य ऊब आणि अतिनील किरण वेगवेगळ्या दिशांनी देत नाही. रोज सुमारे १२ तास उजेड, रात्री पूर्ण अंधार. टायमर लावला की प्रश्न मिटतो. रात्रीचे लाल किंवा निळे दिवे अनावश्यक आहेत.

खिडकीतून ऊन येते. मग यूव्हीबी दिवा कशाला?

खिडकीच्या काचेतून ऊब आणि उजेड येतो, यूव्हीबी जवळजवळ येत नाही. उलट बंद खिडकीशी ठेवलेल्या टाकीचे पाणी काही तासांत धोकादायक तापू शकते आणि शेवाळही फोफावते. कासवाला अधूनमधून थेट उन्हात नेणे चांगलेच, पण सावलीचा भाग असलेल्या प्रशस्त टबात, आणि नजरेसमोर. काचेच्या भांड्यात घालून उन्हात ठेवणे म्हणजे त्याला शिजवणे होय.

पाणी गरम करावे लागते का?

प्रौढ स्लायडरसाठी २४ ते २६ अंश, पिल्लांसाठी २६ ते २८ अंश. खोलीतच पाणी या टप्प्यात राहत असेल तर हीटर नको. पाणी ओट्यापेक्षा स्पष्टपणे थंड असले पाहिजे. पाणीच ३० अंशांवर असेल तर कासवाला वर येण्याचे कारणच उरत नाही.

हीटर लावायचा तर त्यावर संरक्षक जाळी हवी, कारण कासव काचेची नळी आपटून फोडते. तो टाकीतून काढून थेट बाहेरच्या फिल्टरच्या नळीवर किंवा संपमध्ये (टाकीला जोडलेल्या वेगळ्या पाणीपेटीत) बसवता आला तर सर्वांत उत्तम. पाणी बदलताना हीटर आधी बंद करावा. सर्व उपकरणे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवर जोडावीत आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली येणारा झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल.

माशांच्या टाकीचा फिल्टर चालेल का? पाणी तिसऱ्याच दिवशी वास मारते.

चालेल, पण टाकीत जेवढे पाणी आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेसाठी सांगितलेला घ्यावा. कासव त्याच लांबीच्या माशापेक्षा खूप अधिक घाण करते आणि अन्न फाडून खाताना त्याचे तुकडे सगळीकडे उडवते. मोठ्या टाकीला बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर सोयीचा. आतले छोटे फिल्टर कासव उखडते.

फिल्टरचे खरे काम गाळणे हे नाही. कासवाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील स्पंज आणि सिरॅमिक रिंग यांच्यावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य, आणि ते पाणी बदलून किंवा वनस्पतींमार्फत कमी करायचे. ही वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात चाचणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासावे. वसाहत पूर्ण तयार झाली की अमोनिया व नायट्राइट शून्य दाखवतात. नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भाग) खाली ठेवावे. सामू (पीएच) ६.५ ते ८ या टप्प्यात असला तरी चालतो. मात्र सामू आणि तापमान जितके जास्त तितका तोच अमोनिया अधिक घातक ठरतो, हे ध्यानात असावे.

आता वास का येतो? बहुधा फिल्टर नळाखाली चोळून धुतला जातो म्हणून. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळावा, सगळे थर एकाच दिवशी धुऊ नयेत, आणि नवे पाणी भरताना क्लोरीन काढणारे द्रावण वापरावे. पाणी रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन उडते, परंतु काही ठिकाणी शुद्धीकरणासाठी वापरले जाणारे क्लोरामाइन असे उडून जात नाही.

पाणी पांढुरके किंवा चहासारखे तपकिरी झाले. फेकून द्यावे का?

दोन्ही वेळा नाही. नव्या टाकीतील दुधी पाणी हा जिवाणूंचा तात्पुरता बहर असतो. खाणे कमी ठेवून, थोडे थोडे पाणी बदलत राहिल्यास काही दिवसांत ते निवळते. तपकिरी रंग ओंडक्यातून सुटणाऱ्या टॅनिनचा. तो निरुपद्रवी आहे, अनेक रानतळ्यांचे पाणी असेच असते. मला तो आवडतो. ज्यांना आवडत नाही त्यांनी फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा. हिरवे पाणी मात्र उजेड आणि नायट्रेट जास्त झाल्याची खूण आहे.

तळाशी काय घालावे?

दोनच पर्याय निर्धोक : धुतलेली बारीक वाळू, किंवा कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे. मधल्या आकाराचे रंगीत खडे टाळावेत. कासव ते गिळते आणि ते आतड्यात अडकतात. वाळूचा थर दोन-तीन सेंमीच ठेवावा. जाड थराखाली हवा न पोहोचल्याने सडका वायू साठतो. वाळू बादलीत घालून, पाणी नितळ येईपर्यंत ढवळून धुवावी, हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पळवाट नाही. काहीच न घालता काचेचा तळ मोकळा ठेवणे साफसफाईला सोपे असते आणि त्याने कासवाचे नुकसान होत नाही, पण उकरण्याची संधी जाते.

दगड आणि ओंडके बाहेरून आणले तर चालतील?

चालतील, तपासून. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फेस आला तर तो चुनखडीयुक्त आहे आणि पाण्याचा सामू व जडपणा वाढवेल. धारदार कडा नकोत, धातूच्या चकाकत्या रेषा असलेले दगड नकोत. लाकूड कठीण, पूर्ण वाळलेले, राळ नसलेले असावे. ते उकळावे, किंवा मोठे असल्यास काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून पाणी बदलत राहावे. तोपर्यंत ते जड होऊन बुडायलाही लागते. न बुडणारा ओंडका चपट्या दगडाला स्टीलच्या स्क्रूने पक्का करावा. दगड उकळू नयेत; आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात.

दगड रचताना क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि तो मी चुकवला होता. वाळू आधी पसरली, मग तीन चपट्या दगडांची गुहा रचली. आठवडाभराने रात्री टाकीतून टक्... टक्... असा आवाज येऊ लागला. टॉर्च मारून पाहिले तर कासवाने खालची वाळू उकरून काढली होती आणि वरचा दगड कलून, त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर काचेवर आपटत होता. काच वाचली ती नशिबाने. दगड नेहमी टाकीच्या तळावर, पातळ फोम किंवा प्लास्टिकची चटई घालून आधी बसवावेत, एकमेकांना सिलिकॉनने चिकटवावेत, आणि वाळू सर्वांत शेवटी ओतावी. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले, मत्स्यालयासाठीचे घ्यावे व पूर्ण वाळू द्यावे.

खऱ्या वनस्पती टिकतात का? माझ्या टाकीत दोन दिवसांत फक्त देठ उरले.

काही टिकतात, काही खाल्ल्या जातात, आणि दोन्हींचा उपयोग आहे. स्लायडर पिल्लू असताना मुख्यतः मांसाहारी असते आणि वाढत जाते तसे अधिकाधिक वनस्पती खाऊ लागते. त्यामुळे लहानपणी जिवंत राहिलेली बाग दोन वर्षांनी फस्त होणे हे वाढीचे लक्षण समजावे.

टिकण्याची सर्वाधिक शक्यता अनुबियास आणि जावा फर्न यांची. दोन्हींची पाने चिवट व कडवट असतात, दोन्हींना मंद उजेड पुरतो, आणि दोन्ही वाळूत लावायच्या नसतात. त्यांचे आडवे जाड खोड वाळूत पुरले की ते कुजते. ते ओंडक्याच्या खाचेत बसवून सुती दोऱ्याने बांधावे. दोन-तीन महिन्यांत मुळे लाकूड धरतात आणि दोरा आपोआप कुजून पडतो. व्हॅलिसनेरियाला मुळे धरायला वेळ लागतो, म्हणून ती लहान कुंडीत वाढवून, वर मोठे गोटे रचून टाकीत ठेवावी. हॉर्नवर्ट मुळांशिवाय तरंगते, झपाट्याने वाढते, आणि खाल्ले गेले तरी फिकीर नसते. डकवीड हा तर इवल्या पानांचा तरंगता पालाच; कासव त्यावर ताव मारते, म्हणून ते दुसऱ्या बादलीत वाढवून दर आठवड्याला ओंजळभर टाकावे.

माझा आवडता उपाय मात्र टाकीबाहेरचा आहे. मनी प्लांटच्या वेली टाकीच्या कडेला टांगून फक्त मुळे पाण्यात सोडली तर ती नायट्रेट खेचून घेतात आणि पाने वर खोलीत वाढतात. या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे तीक्ष्ण स्फटिक असतात, तेव्हा पाने कासवाच्या तोंडाला लागणार नाहीत अशी आणि मुळे जाळीच्या पेटीत बंदिस्त, अशी रचना करावी.

नव्या वनस्पती थेट टाकीत घालू नयेत. त्यांवर कीटकनाशकांचा अंश, खताच्या गोळ्या किंवा परजीवी असू शकतात. मुळांभोवतीचे द्रव्य धुऊन काढावे आणि दोन-तीन आठवडे वेगळ्या पाण्यात, ते पाणी अधूनमधून बदलत ठेवाव्यात. वनस्पतींसाठी लागणारा उजेड यूव्हीबी दिव्यातून पुरेसा मिळत नाही; आठ-दहा तास चालणारा साधा पांढरा एलईडी दिवा पुरतो.

सोबतीला मासे किंवा दुसरे कासव ठेवावे का?

मासे म्हणजे कासवाच्या लेखी खाणे. ते आज पकडले गेले नाहीत तर रात्री पकडले जातील. गोल्डफिशमध्ये थायमिनेज हे विकर असते आणि ते बी१ जीवनसत्त्व नष्ट करते, त्यामुळे त्यांचा नियमित आहारही योग्य नाही. गोगलगायी ठेवाव्यात : त्या शेवाळ खातात आणि कासव त्यांना खाते.

दुसऱ्या कासवाबद्दल माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे. कासवाला एकटेपणा वाटतो हा आपला समज. एका टाकीतील दोन कासवे ओट्यासाठी, अन्नासाठी भांडतात आणि नर मादीचा पिच्छा पुरवून तिला जेरीस आणतो. एकमेकांवर चढून बसलेली दोन कासवे छायाचित्रात गोड दिसतात, पण खालच्याला त्या वेळी ना ऊन मिळते ना किरण.

वाळू आणि झाडे असलेल्या टाकीत खाऊ कसा घालावा?

थोडा, आणि उरलेला लगेच जाळीने काढून. पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) कासवाच्या डोक्याएवढ्या ढिगापेक्षा जास्त नकोत. पिल्लांना रोज, प्रौढांना दिवसाआड किंवा त्याहून कमी, आणि हिरवा पाला मात्र प्रौढांना रोज. समुद्रफेनाचा तुकडा, मागचा कठीण भाग काढून, पाण्यात तरंगता ठेवावा. कासव तो कुरतडते, कॅल्शियम मिळते आणि चोचीचीही झीज होते. काचेजवळ माणूस दिसताच कासव पाय मारत पुढे येते ते भूक लागली म्हणून नव्हे, सवय लागली म्हणून.

नर नाही, तरी मादीला अंडी घालायला जागा द्यावी लागते?

होय. मादी नराशिवायही फलन न झालेली अंडी धरते, आणि योग्य माती न मिळाल्यास ती अडून जिवावर बेतू शकते. ती खाणे सोडते, अस्वस्थपणे टाकीबाहेर पडू पाहते, मागच्या पायांनी ओटा खरवडते. अशा वेळी तिला आरामात फिरता येईल एवढ्या खोक्यात वाळू-माती २५ ते ३० सेंमी भरावी, खड्डा ढासळणार नाही इतकी ओलसर करावी, वर ऊब देणारा दिवा ठेवावा आणि तिला एकटे सोडावे. काही दिवसांत अंडी न आल्यास पशुवैद्याकडे न्यावे.

रोजची आणि आठवड्याची कामे कोणती?

रोज तापमान पाहणे आणि उरलेले अन्न काढणे. दर आठवड्याला २५ ते ५० टक्के पाणी सायफनने बदलणे. नळी वाळूच्या किंचित वर फिरवली की विष्ठा उचलली जाते आणि वाळू राहते. सायफन तोंडाने ओढून कधीही सुरू करू नये. सगळी टाकी रिकामी करून, दगड साबणाने घासून ‘लख्ख’ करणे ही नैसर्गिक टाकीची निगा नव्हे, मोडतोड आहे. मागच्या काचेवरचे शेवाळ राहू द्यावे.

मुलांना कासवापासून आजार होतो का?

निरोगी दिसणारे कासवही साल्मोनेला जिवाणू बाळगून असू शकते. लहान मुले छोटी कासवे तोंडात घालत, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १० सेंमीपेक्षा, लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. कासव, पाणी किंवा उपकरणे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, टाकीची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनी कासव हाताळू नये.

अधिवासात काही बिघडले आहे हे कासवावरून कसे ओळखावे?

पोहताना एका बाजूला कलणे, तोंड उघडून श्वास घेणे, नाकातून फुगे येणे ही फुप्फुसाच्या संसर्गाची चिन्हे आहेत आणि बरेचदा पाणी किंवा हवा थंड असल्याने तो जडतो. सुजून मिटलेले डोळे अ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा घाण पाण्याने होतात. दाबल्यावर लवणारे कवच म्हणजे यूव्हीबी आणि कॅल्शियमची कमतरता. कवचावर मऊ, दुर्गंधी येणारे चट्टे म्हणजे कवच कुजणे. या सर्वांत सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य लागतो. कवचाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटणे मात्र स्वाभाविक आहे. ते ओढून काढू नयेत आणि कवचाला तेलही लावू नये.

दिवसभर ओट्यावरच बसून पाण्यात न उतरणारे कासव पाणी बिघडल्याचे किंवा स्वतः आजारी असल्याचे सांगत असते. आधी पाण्याची चाचणी करावी.

सर्व जातींना हीच रचना चालते का?

नाही. कॉमन मस्क कासव ८ ते १२ सेंमीच राहते आणि पोहण्यापेक्षा तळाशी चालते, म्हणून त्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचणारे भरपूर ओंडके हवेत. मॅप कासवांना वाहते आणि अधिक स्वच्छ पाणी लागते. मऊ कवचाची कासवे वाळूत अंग पुरून बसतात; त्यांना बारीक वाळूचा जाड थर हवा, टोकदार काहीही नको, आणि काही जातींचा प्रौढ आकार पाहता घरातल्या टाकीचा विचारच सोडावा.

कासव सांभाळणे शक्य नसेल तर तळ्यात सोडावे का?

सोडू नये. रेड-इअर्ड स्लायडर जगातील १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या प्रसिद्ध यादीत आहे. सोडलेली कासवे स्थानिक कासवांच्या ऊन खाण्याच्या जागा आणि अन्न बळकावतात व त्यांच्यात रोग पसरवतात. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तिला आक्रमक जातींच्या यादीत घालून तिचा व्यापार व प्रजनन थांबवले. याउलट अनेक देशांत स्थानिक रानकासव पाळणेच गुन्हा आहे, म्हणून कासव आणण्याआधी आपल्या ठिकाणचा कायदा पाहावा. कासव द्यायचेच असेल तर अनुभवी पालक, सरपटणाऱ्या प्राण्यांचे बचाव केंद्र किंवा वनखात्याशी बोलावे. टाकीतल्या वनस्पती आणि गोगलगायीही ओढ्या-नाल्यात टाकू नयेत. त्या पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाकाव्यात आणि शेवटचे पाणी झाडांच्या आळ्यात ओतावे.